जिरेटोपातलं 'जिरे' कुठून आलं?

एक सोपा प्रश्न विचारते. 'जिरेटोप' हा शब्द तुम्ही लहानपणापासून ऐकलाय. शिवजयंतीला महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये एखादा छोटा मुलगा तो डोक्यावर सावरत स्टेजवर उभा असतो. कुणाच्या गाडीच्या मागच्या काचेवर त्याचा स्टिकर असतो, कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवर. त्यातला 'टोप' कळतो. पण 'जिरे'? फोडणीत टाकतो त्या जिऱ्यांचा इथे काय संबंध?

काहीच नाही. मला स्वतःला हे पंचविशी ओलांडल्यावर कळलं. पुस्तकात वाचून नाही, कुवेतमधल्या अम्गऱ्याच्या भंगार बाजारात उभी असताना.

तुमच्यापैकी जे कुवेतला वाढलेत त्यांना अम्गरा माहीत असेल. शहरातून जहराकडे जाताना लागणारा औद्योगिक भाग. तिथे गाड्यांचे सांगाडे, तांब्याच्या वायरी, एसीचे कॉम्प्रेसर, मोडलेलं फर्निचर, बंद पडलेल्या हॉटेलांची अख्खी स्वयंपाकघरं येऊन पडायची. माझे बाबा कुवेतमध्ये वीसेक वर्षं वर्कशॉपमध्ये तंत्रज्ञ होते. त्यांच्यासाठी शुक्रवारी अम्गऱ्याला जाणं म्हणजे इतरांसाठी मॉलला जाणं. डॉक्टरेट संपवून पुण्याला पोस्टडॉकसाठी जाण्याआधी मी महिनाभर आईबाबांकडे होते, तेव्हा त्यांच्याबरोबर गेले.

एका दुकानात, हॉटेलच्या भांड्यांच्या क्रेटमध्ये, सुऱ्या आणि चिमट्यांच्या खाली मला एक हातमोजा दिसला. कापडाचा नाही, स्टीलचा. हजारो बारीक कड्या एकमेकींत अडकवून केलेला. उचलला तर पाण्यासारखा हातातून ओघळला. दुकानदार वयस्कर इजिप्शियन गृहस्थ होते. मी विचारलं, हे काय? त्यांनी एकच शब्द सांगितला: "ज़रद." बाबा म्हणाले, "अगं, खाटकाचा मोजा आहे तो. सुरी उजव्या हातात, हा डाव्या हातात."

मी मटेरियल सायन्सची विद्यार्थिनी. माझं डोकं कड्यांकडे गेलं. पण कानात तो शब्द राहिला. ज़रद. घरी येऊन शोधलं आणि मग जिरेटोप उलगडला.

एक शब्द, तीन भाषा

फारसीत कड्यांच्या चिलखताला 'ज़िरिह' म्हणतात. हा शब्द फार जुना आहे. पारशी लोकांच्या धर्मग्रंथांची भाषा अवेस्ता, तिच्यातही त्याचं जुनं रूप सापडतं. इराणी भाषांमधून तो अरबीत गेला आणि 'ज़रद' झाला. कड्यांचं चिलखत करणारा कारागीर तो 'ज़र्राद'. तिकडून पूर्वेला आला तेव्हा हिंदुस्थानीत 'जिरह' झाला, आणि मराठीत येता येता 'जिरे'.

म्हणजे जिरेटोप हा मुळात कड्यांचा टोप. लोखंडी टोपाला मागे आणि कानांवरून कड्यांची झालर लोंबत असते, मान आणि गळा झाकायला. म्युझियममध्ये मुघल किंवा दख्खनी शिरस्त्राणं पाहिलीत तर ही झालर लगेच ओळखू येईल. पुढे शब्द राहिला आणि वस्तू बदलत गेली. आज आपण स्टेजवर जो जिरेटोप बघतो त्यात एकही कडी नसते. शिवाजी महाराजांच्या हयातीतल्या किंवा त्यानंतर लगेचच्या चित्रांमध्ये त्यांच्या डोक्यावर पगडीसारखं शिरोभूषण दिसतं, हेही जाता जाता सांगायला हवं.

'चिलखत' आणि 'बख्तर' हे दोन्ही शब्दही फारसीतूनच आले. बख्तरबंद गाडी म्हणताना आपण तोच शब्द वापरतो. आणि अरबीत चिलखताला दुसरा शब्द आहे 'दिरअ'. कुवेतच्या बातम्यांत तो तुम्ही ऐकला असेल: आखाती देशांच्या संयुक्त फौजेचं नाव 'दिरअ अल-जज़ीरा', द्वीपकल्पाचं चिलखत. कुराणात दाऊद पैगंबरांना चिलखत बनवण्याची विद्या दिल्याचा उल्लेख आहे, आणि त्यात कड्या नीट मापात गुंफण्याची सूचनाही आहे. ज्याने कुणी कधी हे काम केलंय तो सांगेल की खरी गोम तिथेच आहे, मापात.

एक कडी, चार शेजारणी

आता त्या मोज्याकडे परत येऊ. मुद्दाम जवळून बघा. कुठलीही एक कडी घेतली तर ती चार कड्यांमधून गेलेली दिसते. दोन वरच्या ओळीतल्या, दोन खालच्या. त्या चारही कड्यांना आणखी चार-चार शेजारणी. युरोपपासून भारतापर्यंत, दोन हजारांहून जास्त वर्षं, सर्वांत जास्त वापरली गेलेली गुंफण हीच.

तिचं शहाणपण कशात आहे? विणलेला स्वेटर आठवा. एक टाका सुटला की ओळच्या ओळ उसवत जाते, कारण सगळा स्वेटर एकाच धाग्याचा असतो. चिलखतात प्रत्येक कडी स्वतंत्र. एक तुटली तर एक छोटं भोक पडतं, पण ते पसरत नाही. नवी कडी घालून दुरुस्तीही तिथल्या तिथे करता येते. म्हणूनच एकच चिलखत बापाकडून मुलाकडे, जिंकलेल्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकायचं.

कडी कशी करायची? आधी लोखंडाची तार हवी. पोलादी पट्टीला क्रमाने लहान होत जाणारी छिद्रं असतात, त्यांतून तार ओढत ओढत बारीक करायची. सोनार सोन्याची तार काढतात, तीच रीत. मग ती तार गोल दांड्यावर स्प्रिंगसारखी गुंडाळायची, उभी कापायची, की सुट्या कड्या मिळतात. पण ही कडी उघडी असते. नुसती दाबून बंद केली तर जोराच्या वाराने ती पुन्हा उघडेल. म्हणून तिची दोन्ही टोकं चपटी करून, एकमेकांवर ठेवून, भोक पाडून त्यात इवलासा रिव्हेट ठोकायचा. कडी फार तर सेंटीमीटरभर रुंद, म्हणजे रिव्हेट केवढा असेल कल्पना करा. काही चिलखतांत मेहनत वाचवायला एक ओळ रिव्हेटच्या कड्यांची आणि एक ओळ पत्र्यातून ठोकून काढलेल्या अखंड कड्यांची असते. भारतात तर अशी चिलखतंही सापडतात ज्यांतल्या अखंड कड्यांना मधोमध आडवी दांडी आहे, ग्रीक अक्षर 'थीटा'सारखी.

पूर्ण सदऱ्यासारख्या चिलखताला वीस ते तीस हजार कड्या लागतात. वजन साधारण १० किलो. एक कडी अडकवून तिचा रिव्हेट ठोकायला अर्धं मिनिट धरलं, जे फारच उदार गृहीत आहे, तरी ३०,००० कड्यांचे होतात २५० तास. रोज आठ तास काम केलं तर महिनाभर, एकही सुट्टी न घेता. यात तार ओढण्याचा वेळ धरलेलाच नाही. हे काम करणाऱ्या बहुतेकांची नावं कुठेच नाहीत. चिलखत ज्याने घातलं त्याचं नाव राहतं.

ते कशापासून वाचवतं आणि कशापासून नाही

तलवारीचा कापणारा वार आला की धार कड्यांवरून घसरते. ज्या कड्यांवर वार बसतो त्या शेजारच्या कड्यांना ओढतात, त्या पुढच्यांना. एका रेषेत आलेला जोर पसरतो. कापणाऱ्या वारापासून कड्यांचं चिलखत फार चांगलं संरक्षण देतं. तो खाटकाचा मोजा आजही त्याच कारणासाठी वापरतात.

पण दोन गोष्टी त्याला जमत नाहीत. पहिली, मुका मार. चिलखत लवचीक आहे, म्हणून गदेचा किंवा जड तलवारीचा दणका तसाच आत जातो. कातडी फाटत नाही, पण हाड मोडतं. म्हणून चिलखताच्या आत रजईसारखा कापूस भरून शिवलेला जाड अंगरखा लागायचाच. दुसरी, टोकाचा भोसका. अरुंद, कडक टोक एकाच कडीत शिरलं तर सगळा जोर त्या एका कडीवर, तिच्या त्या इवल्याशा रिव्हेटवर येतो. तो सुटला की टोक आत.

शस्त्रं बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. जुनी कट्यार बघायला मिळाली तर तिचं टोक नीट पाहा. पातं टोकाकडे पातळ होण्याऐवजी अनेकदा जाड केलेलं असतं. ते कडी फोडण्यासाठी. याला उत्तर म्हणून चिलखतवाल्यांनी छातीवर आणि पोटावर कड्यांमध्ये लोखंडी पट्ट्या बसवल्या. कड्या आणि पट्ट्या यांचं हे मिश्रण इराण आणि भारतात खूप चाललं, कारण पट्ट्या भोसका अडवतात आणि मधल्या कड्या अंग वळू देतात.

हे सगळं सुरू कुठे झालं?

सर्वांत जुने नमुने युरोपात, केल्टिक लोकांच्या दफनांत सापडले आहेत. रुमानियातल्या चुमेश्त इथे इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या योद्ध्याच्या दफनात पक्ष्याची आकृती बसवलेलं शिरस्त्राण आणि कड्यांचं चिलखत निघालं. रोमन लेखक वारो यानेही या शोधाचं श्रेय गॉल लोकांनाच दिलंय. रोमन सैन्याने ते उचललं आणि साम्राज्यभर नेलं.

पश्चिम आशियातलं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. सीरियात युफ्रेटिसच्या काठी दुरा-युरोपस नावाचं शहर होतं. इ.स. २५६ च्या सुमारास इराणच्या सासानी फौजेने त्याला वेढा घातला. तटबंदीखाली भुयार खणणारे सासानी सैनिक आणि त्यांना अडवायला उलटं भुयार खणणारे रोमन जमिनीखाली समोरासमोर आले. विसाव्या शतकात उत्खनन झालं तेव्हा त्या भुयारात एका सासानी सैनिकाचा सांगाडा सापडला. त्याचं कड्यांचं चिलखत छातीपर्यंत वर ओढलेलं होतं. शेवटच्या क्षणी त्याला ते अंगातून काढायचं होतं असं दिसतं. ज्याने वाचवायचं त्याच वस्तूचं ओझं झालं.

या गोष्टीवर थोडं थांबा. कारण चिलखताचा इतिहास म्हणजे जास्त जास्त मजबूत लोखंडाचा इतिहास, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. तो तडजोडीचा इतिहास आहे. किती संरक्षण हवं, आणि त्यासाठी किती वजन, किती उकाडा, किती खर्च सहन करायचा, याचा हिशेब.

दख्खनमध्ये, अंगरख्याच्या आत

आता आपल्या गोष्टीकडे. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगड. अफझलखान आणि शिवाजी महाराजांची भेट. ही गोष्ट तुम्हाला झोपेतही सांगता येईल: मिठी, दगा, वाघनखं, बिचवा.

पण यातलं पहिलं पाऊल काय होतं? ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिलंय की महाराजांनी पगडीखाली कड्यांचा पोलादी टोप आणि सुती अंगरख्याच्या आत कड्यांचं चिलखत घातलं होतं. खान मात्र पातळ मलमलीच्या कपड्यात होता. त्याआधी सव्वाशेहून जास्त वर्षं, सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीत खानाने कुशीत जमदाड चालवली, पण ती महाराजांच्या कुडतीवर खरखरत गेली आणि अंगाला लागली नाही, असं वर्णन येतं. बखरीत ती कुडती जरीची म्हटली आहे. आता जरीच्या धाग्यावर कट्यार अडत नाही आणि खरखरतही नाही. धातूवर धातू घासला की तसा आवाज येतो. म्हणून तिथे लोखंड होतं, असं माझं वाचन.

इथे कड्यांचंच चिलखत का, हे आता तुम्हीच सांगू शकाल. पत्र्याचं चिलखत कपड्यांखाली लपत नाही. त्याचा आकार दिसतो, आणि मिठी मारणाऱ्याला ते लगेच जाणवतं. कड्या अंगाबरोबर वळतात, कापडाखाली कापडासारख्या वागतात. तो दिवस जिंकायला वाघनखं लागली असतील, पण त्याआधी पहिल्या वारातून जिवंत राहावं लागलं, आणि ते काम हजारो निनावी कड्यांनी केलं.

२०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांसाठी भारतात, आधी साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा केवढी चर्चा झाली. ती तीच का, यावर वाद झाले. ती त्या प्रसंगात वापरलेलीच आहेत असं सिद्ध करता येत नाही, हे खुद्द त्या म्युझियमनेही सांगितलंय. मला गंमत याची वाटली की 'ते चिलखत कुठे आहे?' हा प्रश्न मी कुणाच्याच तोंडून ऐकला नाही. वार करणारी वस्तू आठवणीत राहते, वार झेलणारी विसरली जाते.

याचा अर्थ मराठे सगळे चिलखत घालून लढत होते असं अजिबात नाही. उलट, मराठा घोडदळाची ताकद त्याच्या हलकेपणात होती. लांब पल्ला, झटपट हल्ला, झटपट माघार. त्यात १० किलो लोखंड आणि आतला जाड अंगरखा परवडत नाही, ना घोड्याला, ना स्वाराला, ना खिशाला. म्हणजे एकाच राज्यात दोन वेगळे हिशेब दिसतात. रोजच्या लढाईत वेग हेच चिलखत. आणि ज्या दिवशी पळायला जागाच नाही, तंबूत समोरासमोर उभं राहायचंय, त्या दिवशी अंगरख्याच्या आत कड्या.

दुसऱ्या टोकाला काय होतं हे बघायचं असेल तर इंग्लंडमधल्या लीड्सच्या रॉयल आर्मरीज म्युझियममध्ये जा. डॉक्टरेट तिकडेच केली, तेव्हा मी तीनदा गेले. तिथे भारतातून गेलेलं हत्तीचं चिलखत आहे, सुमारे सन १६०० चं, कड्या आणि लोखंडी पट्ट्यांचं. आज त्यातल्या ५,८४० पट्ट्या शिल्लक आहेत आणि वजन ११८ किलो आहे. पूर्ण होतं तेव्हा ८,४३९ पट्ट्या आणि १५९ किलो, असा अंदाज आहे. मद्रासचे गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह यांच्या पत्नीने १८०१ मध्ये ते इंग्लंडला नेलं. त्याच्यासमोर उभं राहिलं की श्रीमंत फौज आणि हलकी फौज यांतला फरक व्याख्यानाशिवाय कळतो.

आणि कुवेतमध्ये असाल तर दार अल-आथार अल-इस्लामियाच्या प्रदर्शनांवर लक्ष ठेवा. त्यांच्याकडच्या अल-सबाह संग्रहात मुघल आणि दख्खनी कारागिरांनी घडवलेल्या रत्नजडित कट्यारी आणि खंजीर आहेत. हा संग्रह १९९० च्या आक्रमणात बगदादला नेला गेला आणि युद्धानंतर त्यातला बराचसा परत आला. आपल्याकडच्या कारागिरांच्या हातची वस्तू आपल्या फ्लॅटपासून अर्ध्या तासावर असते, आणि आपण शनिवारी मॉलला जातो.

बंदूक आल्यावर

बंदुकीच्या गोळीपुढे कड्या टिकत नाहीत. गोळी त्या फोडतेच, वर तुटक्या कड्यांचे तुकडे जखमेत नेते. तरीही भारतात आणि सूडानमध्ये कड्यांची चिलखतं युरोपपेक्षा बरीच उशिरापर्यंत दिसतात. सूडानी घोडेस्वार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही ती घालत होते. घोडदळाच्या लढाईत शेवटी तलवार आणि भालाच समोर येत असे, हे एक कारण. आणि कड्यांमधून वारा जातो, हे दुसरं. त्यावर कापड घेतलं की लोखंड उन्हात कमी तापतं. गरम देशात ही लहान गोष्ट नाही.

गंज हा कायमचा शत्रू. युरोपात चिलखत वाळू आणि व्हिनेगरबरोबर पिंपात घालून ते पिंप लोळवत. वाळूने कड्या घासून निघत. अम्गऱ्यात वाऱ्याबरोबर उडणारी वाळू तोंडावर घेताना मला हे आठवलं आणि हसू आलं.

कड्या अजून संपलेल्या नाहीत

आज हीच गुंफण स्टेनलेस स्टीलमध्ये, वेल्डिंग केलेल्या कड्यांनी, खाटकांच्या आणि शिंपले उघडणाऱ्यांच्या हातमोज्यांत आहे. शार्कजवळ काम करणारे पाणबुडे अख्खा कड्यांचा पोशाख घालतात. दात आत जात नाहीत, जबड्याचा दाब मात्र जाणवतो. प्रतापगडाच्या काळातलेच गुण, प्रतापगडाच्या काळातलीच मर्यादा.

माझ्या क्षेत्रात तर कड्यांना पुन्हा बरे दिवस आलेत. २०२१ मध्ये कॅलटेक आणि सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठाच्या संशोधकांनी थ्रीडी प्रिंटिंगने पोकळ अष्टफलकांची चिलखतासारखी गुंफण बनवली. एरवी ती कापडासारखी पडून राहते. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून घेतली की कण एकमेकांत घट्ट बसतात आणि तिचा ताठपणा २५ पटींहून जास्त वाढतो. म्हणजे गरज नसताना मऊ, गरज पडली की कडक. उद्या मोडलेल्या हाताला असा पट्टा बांधता येईल.

आणि २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांनी रेणूंच्या पातळीवर अशीच गुंफण केलेलं पॉलिमर जाहीर केलं. दोन दिशांना पसरलेली, एकमेकांत अडकलेली रचना. एका चौरस सेंटीमीटरमध्ये १०० लाख कोटी जोड. लोहाराच्या ऐरणीवर सुरू झालेली कल्पना आता डोळ्यांना न दिसणाऱ्या कड्यांत पोचली आहे, आणि कारणही तेच: एक तुटली तरी बाकीच्या जोर वाटून घेतात.

परत अम्गऱ्यात

तो हातमोजा मी अर्ध्या दिनारला घेतला. घरी बाबांनी तो हातात चढवून बघितला, मूठ उघडली, मिटली. त्यांच्या डाव्या तळव्यावर अंगठ्यापासून मनगटापर्यंत एक पांढरी रेघ आहे. मी शाळेत असताना पत्रा कापताना झालेली जखम. इतक्या वर्षांत मी कधी नीट विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, "तुम्हाला मोजे दिले नव्हते का?"

"दिले होते की. चामड्याचे. चांगले होते."

"मग?"

"ऑगस्ट होता गं. काढून ठेवले होते."

कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट, दुपारी ११ ते ४ उघड्यावर काम करायला बंदी असते. शेडच्या आत मात्र काम चालू असतं, आणि पत्र्याच्या शेडमध्ये ऑगस्टची दुपार काय असते हे तुमच्यापैकी काहींच्या आईवडिलांना विचारा. दुरा-युरोपसच्या भुयारात चिलखत वर ओढणारा तो सैनिक आणि मोजे काढून ठेवणारे माझे बाबा यांच्यात सतराशे वर्षांचं अंतर आहे, अडचण एकच. जे संरक्षण अंगावर टिकवता येत नाही, ते कपाटात कितीही मजबूत असून उपयोग नाही. संरक्षणाची साधनं बनवणाऱ्या आमच्यासारख्यांनी मजबुतीचे आकडे मोजताना हा आकडाही मोजायला हवा: माणूस ते किती वेळ अंगावर ठेवू शकतो?

माझ्या पोस्टडॉकचा विषय याच दिशेने वळला. तो मोजा प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर असतो. नवीन विद्यार्थी आला की मी त्याच्या हातात देते आणि विचारते, यातली एक कडी तुटली तर काय होईल? आणि मराठी मुलगा किंवा मुलगी असेल तर आधी दुसरा प्रश्न विचारते: जिरेटोपातलं 'जिरे' म्हणजे काय?

पुढच्या शिवजयंतीला मंडळाच्या हॉलमध्ये तुमच्या शेजारी बसलेल्याला तुम्हीही विचारून बघा. आणि घरी गेल्यावर आईच्या किंवा बाबांच्या हातावर एखादी जुनी रेघ असेल, तर तिची गोष्टही विचारा.